सहा महिन्यांनंतरचे घर

युक्रेनच्या निर्वासितांना युरोपातल्या सामान्य माणसांनी घरात घेतले. ते औदार्य टिकवायचे, तर त्याचा भार गावाच्या कारभाराने उचलायला हवा.

युरोपीय महासंघाने युक्रेनच्या निर्वासितांना दिलेल्या तात्पुरत्या संरक्षणाची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी हल्ला केला आणि त्यानंतरच्या आठवडाभरात महासंघाने २००१ पासून कपाटात पडून असलेला नियम पहिल्यांदाच बाहेर काढला. राहण्याची, नोकरीची, शाळेची आणि उपचारांची मुभा त्यातून मिळाली. वर्षभराचा म्हणून केलेला हा बंदोबस्त मुदतवाढी घेत घेत पाच वर्षांवर आला. त्याच्या आधारावर आज ४० लाखांहून अधिक माणसे राहतात, त्यातली सर्वाधिक जर्मनी आणि पोलंडमध्ये. मुदतीचा निर्णय ब्रसेल्समध्ये होईल. पण ही माणसे राहणार कुठे, हा प्रश्न येऊन पडतो तो गावच्या नगरपालिकेच्या टेबलावर.

सुरुवातीला तो गावांनीच सोडवला. सीमेलगतच्या प्शेमिशल स्थानकावर लेकुरवाळ्या बायका रेल्वेतून उतरत होत्या, तेव्हा पोलिश आयांनी त्यांच्यासाठी बाबागाड्या फलाटावर आणून ठेवल्या. बायका आणि मुलेच जास्त, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला युक्रेनने बंदी केली होती. पोलंडमध्ये निर्वासितांना घरात घेणाऱ्यांना सरकारने माणशी रोज ४० झ्लॉटी दिले. पण दारे उघडली गेली ती त्याआधी. या औदार्याचा घास आपल्या मुलांनीही खाल्ला आहे. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी रोमानियात पोहोचले, तेव्हा स्नागोव्ह गावाने त्यांची सोय केली. तिथे बोलायला उभ्या राहिलेल्या आपल्या केंद्रीय मंत्र्यांना, निवारा आणि जेवण आम्ही दिले आहे, याची आठवण गावच्या महापौराने सर्वांदेखत करून दिली. ते झोंबले, पण खरे होते.

अडचण त्यानंतरची आहे. नव्याचे नऊ दिवस सरले की पाहुणचाराला हिशेब लागतो. तो मांडण्याचा सर्वात नेटका प्रयत्न ब्रिटनने केला. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘होम्स फॉर युक्रेन’ योजनेत यजमानाने किमान सहा महिने जागा द्यायची, सरकारने त्याला महिन्याला ३५० पौंड आभारादाखल द्यायचे आणि स्थानिक कौन्सिलने घराची पाहणी, यजमानाची चारित्र्य पडताळणी व मुलांच्या शाळाप्रवेशाचे पाहायचे, अशी विभागणी होती. त्यासाठी कौन्सिलला प्रत्येक निर्वासितामागे १०,५०० पौंड मिळत. जानेवारी २०२३ पासून येणाऱ्यांसाठी ती रक्कम ५,९०० वर आणली गेली. एकट्या बाईला मुलांसह अनोळखी घरात पाठवताना पडताळणी हा सोपस्कार नसतो, ते पहिले संरक्षण असते. हे ओळखून ते काम स्थानिक यंत्रणेकडे देणे, हा या योजनेचा मोठा गुण.

तिची उणीव सहाव्या महिन्यानंतर दिसली. मोकळी खोली असणारे यजमान बरेचदा शहराबाहेर, मोठ्या घरात राहणारे. तिथे बाग असते, शांतता असते आणि संध्याकाळनंतर बस नसते. इंग्रजीचा वर्ग शहरात, कामाची पाळी शहरात, मुलाची शाळा गावात. घरातही स्वयंपाकघर एकच. फ्रिजमधला कोणता कप्पा कुणाचा, धुण्याचे यंत्र कोणत्या वारी, मुलांनी किती वाजता झोपायचे, यावरून दोन्हीकडच्या सज्जन माणसांची मने कोमेजतात. स्वतंत्र घर घ्यावे, तर घरमालक जामीनदार आणि आगाऊ भाडे मागतो. नव्या देशात आलेल्या बाईला जामीन कोण राहणार? परिणामी हजारो युक्रेनियन कुटुंबांना बेघर म्हणून कौन्सिलच्या दारात जावे लागले. काही कौन्सिलांनी अनामत भरली, घरमालकाला हमी दिली, न जमलेल्या पाहुण्यांना दुसरा यजमान शोधून दिला. जिथे हे झाले तिथे पहिल्या यजमानाचे औदार्य वाया गेले नाही.

घराइतकेच महत्त्व कामाला. जर्मनीने आधी भाषेचे वर्ग आणि भत्ता, मग नोकरी, असा क्रम लावला. पोलंडने हात आखडता घेतला आणि माणसे लवकर कामाला लागली. पोलंडच्या २०२४ मधील सकल देशांतर्गत उत्पादनात युक्रेनियन निर्वासितांचा वाटा २.७ टक्के असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेसाठी झालेला अभ्यास सांगतो. म्हणजे हे लोक पोसावे लागतात ही ओरड खरी नाही. पण हिशेबतपासनीस असलेली बाई गोदामात खोकी भरत असेल, तर त्या देशाचेही नुकसानच. पदवीला मान्यता आणि मुलासाठी पाळणाघर या दोन गोष्टी स्थानिक पातळीवर मिळाल्या, तर भत्त्याचा वाद निम्मा मिटतो.

तो वाद मात्र पेटवला जातो आहे. पोलंडचे अध्यक्ष कारोल नावरोत्स्की यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनियनांच्या सवलतींना मुदतवाढ देणारे विधेयक अडवले. बालभत्ता नोकरी करणाऱ्या पालकांनाच मिळावा, हा त्यांचा आग्रह. पुढच्याच महिन्यात तशी अट घालून कायदा झाला. आपल्या दवाखान्यातली रांग लांबली, शाळेचा वर्ग भरला, भाडे वाढले, ही नागरिकांची तक्रार खोटी नसते. रांग लांबते ती डॉक्टर वाढवले नाहीत म्हणून, हे सांगण्याची हिंमत राज्यकर्त्यांत नसते. आणि याच पोलंडने बेलारूसच्या सीमेवर सीरिया-अफगाणिस्तानच्या लोकांना मागे ढकलले, हेही विसरता येत नाही. माणुसकीला वर्ण आणि धर्माची चाळणी लागली की तिचा पाया ठिसूळ होतो.

पोलंडला हे कोल्हापूरकर हक्काने सांगू शकतात. सोव्हिएत रशियाने सैबेरियात हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यातही बायका-मुलेच अधिक, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. शाळा त्यांच्या, चर्च त्यांचे, दवाखानाही त्यांचा. छावणीचा कारभारही बराचसा पोलिशांच्याच हाती. खर्चाचा मोठा भार लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारने उचलला. आपली भाषा आणि आपला दिनक्रम जपत ती मुले वाढली. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी स्थिरावले आणि आजची गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. या पोलिशांच्या आठवणीसाठी वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. वळिवड्यात जागा कोल्हापूर संस्थानने दिली, पैसा परागंदा सरकारने, कारभार निर्वासितांनी पाहिला. अशी वाटणी झाली म्हणून ते पाच वर्षे निभले.

तीच वाटणी युरोपने आता लेखी करावी. यजमान कुटुंबाने पहिला निवारा द्यावा, ठरलेल्या मुदतीपुरताच. मुदत संपण्याआधी पुढचे घर, अनामत आणि हमी ही नगरपालिकेची जबाबदारी असावी. त्यासाठीचा पैसा केंद्र सरकारने मुदतवाढीच्या तारखांवर न टांगता सलग द्यावा. आणि या सगळ्याची आखणी करणाऱ्या समितीत युक्रेनियन बायका असाव्यात. २०२७ नंतर परतणाऱ्याला परतीची वाट आणि राहणाऱ्याला रहिवासाचा कायमचा हक्क, दोन्ही आजच ठरवता येतील. चांगल्या माणसांच्या भरवशावर कारभार सोडून देणारे सरकार शेवटी त्या माणसांचा चांगुलपणाच संपवते.