निरागसतेची सवलत

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) मधील मुकुंद जोशीला ‘निरागस’ म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस त्याची चीड येते. आणीबाणीच्या काळातला हा नववीतला मुलगा शिरोडकरच्या मागे मागे राहतो, ती ‘लाईन देते’ की नाही याचे हिशेब मांडतो. तिचे मन मात्र त्याच्या तर्कापुरतेच उरते. ही प्रथमपुरुषी निवेदनाची मर्यादा आहे. वाचकाने तिलाच प्रेम का समजावे? लहान गावातल्या बायका तेव्हा बोलत नसत, हा बचावही टिकत नाही. त्याच दशकात शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रिया दारूविरुद्ध उघडपणे उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा वर्गात ‘शाळा’ शिकवताना पहिला प्रश्न शिरोडकरच्या बाजूने विचारला जावा.