छातीचा एक्स-रे फक्त व्हिसासाठीच?

ऑस्ट्रेलियात शिकणारी आमच्या बेगडेवाडीकडची मुलं ४८५ व्हिसाचा, म्हणजे शिक्षणानंतर काही वर्षं तिथे नोकरी करू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज भरताना मला फोन करतात. धास्ती असते ती वैद्यकीय तपासणीतल्या छातीच्या एक्स-रेची. मी सांगतो, क्षय निघाला तरी दार कायमचं बंद होत नाही. उपचार पूर्ण होईपर्यंत व्हिसा थांबतो, एवढंच.

परका देश क्षयाला बरा होणारा आजार मानतो. आपल्या घरात मात्र लग्न मोडेल म्हणून मुलीचा खोकला लपवला जातो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या क्षयाचे उपचार साधारण ६ महिन्यांचे. दोस्तांनो, घरात कुणाला २ आठवडे खोकला असेल तर त्याला स्वतः घेऊन जा. अब्रू खोकल्याने जात नाही. लपवलेल्या आजाराने माणूस जातो.