ब्राउझरमधले चोरटे खाणकाम

सप्टेंबर २०१८ मध्ये तिरुपती महानगरपालिकेसह आंध्र प्रदेशातील काही सरकारी संकेतस्थळांवर एक छुपी स्क्रिप्ट सापडली. पान उघडले की पाहणाऱ्याचा संगणक नकळत मोनेरो या आभासी चलनाच्या 'खाणकामाला' जुंपला जाई, म्हणजे त्या चलनाची किचकट गणिते सोडवत बसे. वीज आपली, कमाई स्क्रिप्ट घुसवणाऱ्याची. त्यातले ३० टक्के कॉइनहाइव्ह या सेवेचे. तेव्हा 'आम्ही ओळखीच्याच साइटवर जातो' हे आपल्या ज्येष्ठ सभासदांचे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही.

कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद झाली, पद्धत मात्र राहिली. फायरफॉक्स सप्टेंबर २०१९ पासून माहीत असलेल्या अशा स्क्रिप्ट आपोआप अडवतो. पण ब्राउझर वर्षानुवर्षे अपडेटच केला नसेल तर त्याचा काय उपयोग? इंदूरच्या मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा घरघरला की आपण उन्हाला दोष देतो. एखादे पान उघडताच तो जोरात फिरू लागला आणि बंद करताच शांत झाला, तर शंका घ्यावी.

आमच्या मते खरी काळजी विजेच्या बिलाची नाही. ज्या फटीतून खाणकाम शिरते, तिच्यातून पासवर्ड चोरणाराही शिरू शकतो. विशेषतः एक्स्टेन्शन! आपली पाने वाचायची परवानगी त्यांना आपणच दिलेली असते. सुट्टीत आलेल्या नातवंडांकडून नको असलेली काढून घ्यावीत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधने मोफत मिळतात (स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या शहराला हे नाव तरी आपले वाटावे). खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करावा.