बिघडलंय? आधी जाळी काढा!

बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे झाले, मग नुसता आळस झाला. आज मात्र रागानं लिहायला बसले आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर पोटात घाला. (जन्मभर दुसऱ्यांच्या काढल्या, आता तुम्ही माझ्या काढा.)

गेल्या रविवारी नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. चांगलं घर आहे, सगळी शिकलेली माणसं. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर कोपऱ्यात डिशवॉशर, त्याच्यावर कांद्या-बटाट्याची टोपली आणि आत चक्क रिकाम्या बरण्या! मोरीशी त्या घरची सून उभी. सकाळपासून तिसऱ्यांदा. बाळ-बाळंतीण तिची नणंद, पाहुणे पंचवीस-तीस, कामाच्या बाईंची सुट्टी. मी म्हटलं, "अगं, हे यंत्र काय शोभेला?" ती काही बोलायच्या आत हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला, "वहिनी, ते आपल्याकडच्या भांड्यांना चालत नाही. बिघडतंय सारखं."

बिघडतंय म्हणजे काय होतंय, असं मी विचारलं. ते कुणालाच सांगता येईना. "पाणी साठतंय." "पांढरं पांढरं राहतंय." "वास येतोय." मी जाळी कुठाय विचारलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार वर्षं यंत्र घरात, आणि त्याला तळाशी जाळी असते हे घरात एकालाही माहीत नाही! त्याच घरातल्या पुरुषांनी मात्र पार्किंगमधल्या मोटारसायकलीच्या चेनला किती दिवसांनी तेल घालायचं यावर जेवताना अर्धा तास चर्चा केली.

तर माझं भांडण हे आहे. डिशवॉशर आपल्याकडे 'बिघडत' नाही, त्याला कुणी हात लावत नाही. आणि हात लावत नाही कारण तिथं खरकटं असतं. आमचे 'हे' जुन्या स्कूटरचा प्लग दर रविवारी काढून पॉलिश पेपरनं घासायचे, शेजारचे दोघे-तिघे बघायला उभे राहायचे, त्यात मोठी मर्दुमकी वाटायची. डिशवॉशरची जाळी काढायला प्लग काढण्याइतकीसुद्धा अक्कल लागत नाही. एक आटा फिरवला की हातात येते. पण तिच्यात भाताची शितं आणि मोहरी अडकलेली असते ना, मग ते 'बायकांचं काम' होतं! आणि बायकांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की यंत्राला हात लावू नकोस, शॉक बसेल. म्हणजे खरकटं म्हणून पुरुष हात लावत नाहीत, यंत्र म्हणून बायका लावत नाहीत, आणि शेवटी मोरीशी उभी कोण? तीच.

मी काही इंजिनीअर नाही. शिवाजी विद्यापीठाची मराठीची बी.ए. आहे. पण आमच्या घरचं यंत्र माझ्यामुळंच चाललं आहे, हे इथं छातीठोकपणे लिहिते. साताऱ्याच्या वन्सं हे वाचतीलच, वाचू देत.

आमच्याकडे ते आलं २०२१ साली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामवाल्या बायका येऊ शकत नव्हत्या, तेव्हा देशभर लोक या यंत्रामागे लागले, त्यात आमचा मुलगाही. माझ्या बोटांचे सांधे तेव्हाच आखडायला लागले होते. पहिले सहा महिने झकास गेले. मग एका दिवाळीनंतर तळाशी पाणी साठायला लागलं. 'ह्यांनी' लगेच निकाल दिला, "गेलं ते." कंपनीचा माणूस आला (कुठल्या ते लिहीत नाही), दहा मिनिटं बघितलं, येण्याची फी घेतली आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, नऊ हजार." नऊ हजार! मी म्हटलं, विचार करून सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'हे' झोपल्यावर प्लग काढला, साठलेलं पाणी वाटीनं आणि फडक्यानं उपसलं, जाळी काढली. जाळीखालच्या खळग्यात बोट घालायच्या आधी हातमोजा घातला, काच असली तर कापते. आणि काय निघालं? तमालपत्राचं अर्धं पान, दोन लवंगा, आणि मटणाच्या हाडाची एक सुईसारखी किरच, पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या पात्यात आडवी बसलेली. ती चिमट्यानं ओढली, सगळं परत बसवलं, बटण दाबलं. घळाघळा पाणी गेलं. नऊ हजारांची किरच मी बरेच दिवस एका डबीत जपून ठेवली होती. :)

कोल्हापुरात राहायचं तर तांबडा-पांढरा होणार, आणि हाडं असणार. म्हणून ताट यंत्रात लावायच्या आधी खरकटं बोटानं निपटून काढायचं. पण निपटायचं म्हणजे धुवायचं नव्हे! माझी अमेरिकेतली भाची सगळी भांडी आधी साबणानं घासते आणि मग यंत्रात लावते. तिच्या ओळखीची निम्मी मराठी घरं तर यंत्राचा उपयोग भांडी निथळायला ठेवण्याचा रॅक म्हणून करतात. इथं कांदे-बटाटे, तिथं निथळण. एकूण एकच.

पांढऱ्या थराचंही तसंच. ते यंत्राचं पाप नाही, पाण्याचं आहे. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी मिसळतं, बोअरचं म्हणजे जड, त्यात चुना. या यंत्रात मिठाचा एक वेगळा कप्पा असतो तो यासाठीच. आत एक बारीक दाण्यांचा पदार्थ असतो, तो पाण्यातला चुना धरून ठेवतो, आणि मीठ त्या दाण्यांना पुन्हा स्वच्छ करतं. मीठ भांड्याला लागतसुद्धा नाही. (एका आजींनी मला विचारलं होतं, "भांड्यांना चव यायला का गं?") हे मीठ जाडं, डिशवॉशरचंच घ्यायचं. जेवणातलं बारीक मीठ घालू नये, त्यात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही मिसळलेलं असतं, ते आत जाऊन बसतं. आणि मीठ भरल्यावर लगेच यंत्र लावायचं, नाहीतर सांडलेल्या मिठानं आतलं स्टील खराब होतं. पाणी किती जड आहे ते यंत्राला बटणानं सांगावं लागतं. हे तर कुणीच करत नाही.

थर चुन्याचा आहे की आणखी कशाचा, हे ओळखायचं असेल तर पेल्यावर व्हिनेगर चोळून बघा. गेला तर चुना. नाही गेला तर काच कायमची धुरकटली आहे, तिला इलाज नाही. ॲल्युमिनियमची पातेली आणि पितळेचे डबे आत घालू नका, काळे पडतात. लोखंडी तवा, लाकडी पोळपाट-लाटणंही नको. या चार वस्तू हातानं धुवाव्या लागतात म्हणून 'आपल्या भांड्यांना चालत नाही' हा निकाल! अहो, ताटं, वाट्या, फुलपात्री, डबे, कुकरचे स्टीलचे डबे, हे सगळं स्टीलच आहे की. याच्याइतकं त्या यंत्राला सोयीचं दुसरं काय असणार?

आणखी एक गोष्ट इथल्या बैठ्या घरांसाठी. यंत्र पाणीच घेत नाही, अशी तक्रार असेल तर वर गच्चीवर जाऊन टाकी बघा. टाकी स्लॅबवर आणि यंत्र खालच्या स्वयंपाकघरात असेल तर पाण्याची उंची जेमतेम तीन मीटर भरते, म्हणजे दाब ०.३ बार. बऱ्याच यंत्रांना निदान अर्धा बार, म्हणजे पाच मीटर उंची लागते. यात यंत्राचा काय दोष? छोटा प्रेशर पंप बसवला की झालं. त्याआधी पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी मात्र धुऊन बघा. पावसाळ्यात तिथं गाळ बसतो.

वास आला तर जाळी आणि दाराचं रबर. वडी विरघळली नाही तर बघा, तिच्या झाकणापुढं मोठं ताट उभं केलंय का. भांडी वरची स्वच्छ आणि खालची तेलकट निघाली तर झारा किंवा उलथनं खाली लोंबून पाण्याचा फिरता पंखा अडवत असणार. दार लावायच्या आधी तो पंखा बोटानं फिरवून बघायचा, संपलं.

आता नेहमीचा आक्षेप. "मग कामवालीनं काय करायचं? तिच्या पोटावर पाय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी विचारते, तिची रजा तुम्ही पगारी धरता का? आमच्याकडच्या मावशींनी बावीस वर्षं आमची भांडी घासली. साबणाच्या पाण्यानं त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, रात्री मेण लावून झोपायच्या. यंत्र आल्यावर त्या सकाळच्या पोळ्या करायला लागल्या, पगार तोच ठेवला, पुढं वाढवला. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही. ज्या बाईला चार घरची भांडी सोडली तर दुसरं कामच मिळणार नाही, तिच्यासाठी माझ्याकडं उत्तर नाही. पण तिचा कळवळा फक्त डिशवॉशरच्या वेळी यावा, वॉशिंग मशीन आणि मिक्सरच्या वेळी येऊ नये, याचं मला नवल वाटतं.

हे यंत्र मुळात एका बाईच्या डोक्यातून निघालं, हेही सांगून टाकते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली जोसेफीन कॉक्रन. नोकर धुताना तिच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडवायचे, म्हणून तिनं मेकॅनिक हाताशी धरून यंत्र बनवलं, १८८६ साली पेटंट घेतलं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं. ती शिकलेली इंजिनीअर नव्हती.

आणि आपण कुठं राहतो? बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या गावात. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, रोज शेकडो लोक त्याला वळसा घालून जातात. उद्यमनगरात इंजिनाचा कुठलाही भाग आणून टाका, लेथवर तसाच्या तसा करून देतील. अशा गावातल्या कर्त्या पुरुषांना एक प्लॅस्टिकची जाळी फिरवून काढता येत नाही, यावर मी विश्वास ठेवू का?

तरीही खरंच काही बिघडलं तर माणूस बोलवा, मी नाही म्हणत नाही. फक्त काय बदलणार आणि किती पैसे, ते आधी कागदावर लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. अडवणूक झाली तर १९१५ हा सरकारी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं आहे. पण जाळी त्याआधी काढायची. जाळीसाठी १९१५ लावू नका!

बारशाच्या घरी पुढं काय झालं ते राहिलंच. मी सासऱ्यांनाच हाक मारली, "भाऊजी, जरा इकडं या, आटा घट्ट बसलाय, मला जोर लागत नाही." (लागत होता.) ते आले. बरण्या काढल्या, जाळी फिरवून वर काढली. चार वर्षांचा काळा चिखल! त्यांनी नाक मुरडलं, पण चार पाहुण्यांसमोर परत ठेवता येईना. सुनेनं जुना टूथब्रश पुढं केला. भाऊजी बेसिनशी उभे राहून घासायला लागले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "साबण लावायचा का गं याला?"

ती म्हणाली, "लावा ना बाबा. आणि ते उलटं धरलंय तुम्ही."