अक्षर हरवले, माहिती नव्हे

घरच्या संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडली, तिचा दिवा लागला, तबकडी फिरल्याचा आवाजही आला. पण पडद्यावर नेहमीचे 'ई' अक्षर काही उमटेना. आमच्या घरी असे झाले तेव्हा भाच्याने तडकाफडकी निदान केले, "मामा, डिस्क गेली. फॉरमॅट करू या." त्याच्या आजोबांचे सगळे फोटो तिच्यात होते. मी त्याचा हात धरला.

ही अक्षरे आली कोठून? १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या खणांना 'ए' आणि 'बी' म्हणत. १९८३ च्या 'एक्सटी'मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिला 'सी' मिळाले. फ्लॉप्या अडगळीत गेल्या, 'सी' मात्र 'सी'च राहिले! तेव्हा अक्षर म्हणजे डिस्कवर कोरलेली खूण नव्हे. विंडोजने स्वतःच्या वहीत केलेली ती नोंद असते. लिनक्सचे तर या अक्षरांवाचून काही अडत नाही.

डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, यांची नोंद मात्र डिस्कवरच असते. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात चार नोंदींचा तक्ता असतो. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणजे अवघे ६४ बाइट! हा डिस्कचा सातबारा समजा. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. नव्या जीपीटी पद्धतीत तर या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

म्हणून आधी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहा. डिस्कच दिसत नसेल तर केबल बदला. विभाग दिसतो पण अक्षर नाही, असे असेल तर न वापरलेले अक्षर द्या, काम झाले. विभागापुढे 'रॉ' लिहिले असेल तर मात्र थांबा. फाइलींची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नेमक्या याच वेळी संगणक 'फॉरमॅट करू का?' असे साळसूदपणे विचारतो. 'नाही' म्हणा, डिस्कवर काहीही नवे लिहू नका आणि जाणकाराला दाखवा. एसएसडीवर तर झटपट फॉरमॅटनंतरही जुने परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही.

शिक्षकांना माझे एक सांगणे आहे. संगणकाच्या तासाला मुले रंगीत मथळे करायला शिकतात, ते शिकोत बापडी. पण एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या, वर्गासमोर त्याचे अक्षर काढा आणि मुलांकडून परत देववा. दहा मिनिटे लागतील. ('सी'ला मात्र हात लावू देऊ नका!)

भाच्याच्या डिस्कचा विभाग शाबूत होता, फक्त अक्षराची जागा रिकामी होती. आम्ही 'एम' दिले. पहिलाच फोटो उघडला तो आजोबांचा, सायकलवरचा.