पाच पुस्तकं आणि एक परीक्षक

हुबळीला दाजीबानपेठेत मावसबहिणीकडे गेलो की पिशवीत मराठी बालपुस्तकं न्यावी लागतात. भाची कानडी शाळेत जाते, मराठी घरात शिकली. जोडाक्षराशी जरा अडखळते, पण परीक्षक म्हणून कडक. यंदा पाच नेली. दोन तिने चौथ्या पानावर मिटली. तिसऱ्याचं शेवटचं पान आधी वाचलं आणि म्हणाली, ‘‘मामा, ह्यातले आजोबा सारखे शिकवतात की हो!’’ (ते पुस्तक मला फार आवडलं होतं.) चौथ्याला मात्र भडंगाचे तेलकट डाग पडले, म्हणजे पास. मोठ्या परीक्षकांची तऱ्हा वेगळी. साहित्य अकादमी 2010पासून बालसाहित्य पुरस्कार देते. पहिल्या वर्षी मराठीत अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला, 2022मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला. निवड करतात तीन जाणती माणसं, आणि तिघंही मोठी. अमेरिकेत 2006पासून हौशी ब्लॉगलेखक ‘सिबिल्स’ नावाचे पुरस्कार देतात. तिथेही परीक्षक मोठेच, पण कसोट्या दोन लावतात: वाङ्मयीन गुण आणि मुलांना लागणारी गोडी. आपल्याकडे पहिलीवर इतका वेळ जातो की दुसरीची आठवण विक्रेत्यालाच येते. आजोबांच्या त्या पुस्तकाला मी परीक्षक असतो तर डोळे मिटून पुरस्कार दिला असता. पाचवं पुस्तक अजून परत आलेलं नाही. शेजारच्या पोरीने नेलंय म्हणे.