रस्त्याच्या कडेची बाग

बाग, बगीचा, गुलाब, गुलदस्ता... मराठी घरांत रोज बोलले जाणारे हे शब्द फारसीतून आले. संध्याकाळी चारच्या सुमारास उमलणारी गुलबाक्षी म्हणजे उर्दूतला गुल-ए-अब्बास. शब्द आपल्या घरात आहेत, झाडे मात्र नाहीत. दाट वस्तीत अंगण कुठले? उंबरा ओलांडला की थेट रस्ता. मग बाग करायची कुठे?

आमच्या शेजारच्या खालांनी याचे उत्तर रस्त्याच्या कडेलाच शोधले. त्यांच्या भिंतीलगत, विजेच्या डीपीपासून थोड्या अंतरावर, सगळ्या गल्लीचा कचरा पडायचा. कुजलेली भाजी, कोंबडीची पिसे, पिशव्या. खालांनी कोणाशी भांडण काढले नाही. दोन माणसे लावून जागा साफ केली आणि तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या यांना खाली भोके पाडून त्यांत सदाफुली, गुलबाक्षी, मोगरा, कढीपत्ता, सब्जा लावला. कडेला मेंदीची रांग. पहिल्या महिन्यात दोनदा कोणीतरी डब्यातच कचरा टाकला. खालांनी तो मुकाट्याने उचलला. सदाफुली फुलली तसे टाकणाऱ्यांचे हात थांबले. घाणीवर घाण टाकताना माणसाला काही वाटत नाही, फुलांवर टाकताना वाटते.

आता असरनंतर तिथे बायका दोन घटका बसतात. कोणाची सून आजारी आहे, कोणाच्या मुलाची फी अडली आहे, हे तिथे कळते आणि मदतही तिथूनच निघते. कढीपत्ता सगळ्या गल्लीचा. ईदच्या आदल्या दिवशी मेंदीची पाने तोडायला मुलींची रांग लागते. आमच्या वर्गातली मुले ‘बीज रुजते कसे’ हे पुस्तकातून पाठ करत होती, ती आता डब्यापाशी उकिडवी बसून पाहतात.

पण बाग वाढली तशी कुरबूरही वाढली. समोरचे चाचा काठी टेकत मशिदीला जातात. डब्यांमुळे त्यांना भर रस्त्यात उतरावे लागे आणि मागून रिक्षा येत. त्यांच्या मुलाने तक्रार केली. काहींना वाटले, हा बागेवरचा राग आहे. आम्हांला तसे वाटत नाही. पैगंबरांची (स.) शिकवण दोन्ही बाजूंनी बोलते. लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य आहे, आणि वाटेतली अडचण दूर करणे हाही सदकाच आहे. एक सदका करताना दुसरा मोडायचा कसा? खालांनी स्वतः टेप आणून मोजले. पुढची रांग काढली, डबे भिंतीला चिकटवले, काही वेली खिळ्यांना दोरी बांधून वर चढवल्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. आमच्या गल्लीत तेवढा पदपथच नाही, तरी काठीवाल्या माणसाला सुखाने जाता येईल एवढी वाट आता राहिली आहे. काढलेल्या डब्यांपैकी चार चाचांच्याच दारात गेले.

रस्ता सर्वांचा असतो, म्हणूनच हा प्रश्न कुठेही उठतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात रॉन फिनली या फॅशन डिझायनरने २०१० मध्ये घरासमोरच्या रस्त्याकडेच्या पट्टीत भाज्या लावल्या. जमीन शहराची, त्यामुळे नोटीस आली. लोकांनी सह्या गोळा केल्या आणि पुढे शहराने नियमच बदलले. आपल्याकडेही जमीन नगरपालिकेची असते. म्हणून आधी नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा, पोच जपून ठेवावी. उचलता येतील अशाच कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे गटाराचे किंवा केबलचे काम निघाले तर तंटा होत नाही. मोठे झाड लावायचे तर वर तारा नाहीत हे पाहून लावावे. शहरात ते नंतर तोडायलाही १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

आणखी काही गोष्टी भगिनींनी लक्षात ठेवाव्यात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओतून, घासून कोरड्या कराव्यात. कण्हेर दिसायला सुंदर, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. जिथे लहान मुले खेळतात तिथे ती नको. नळाला रोज पाणी येत नसेल तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वापरावे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. मशिदीत ते टाकीत साठवण्याची सोय केली तर उन्हाळ्यात अनेक झाडे तगतील.

खरी परीक्षा पुढेच आहे. खाला सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. येत्या महिन्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार, किमान चाळीस दिवस. बाग सगळ्यांची म्हणून सगळे मिरवतात, पण बादली आजवर एकट्या खालांनीच उचलली. आम्ही सातवीच्या मुलामुलींना विचारले. अकरा जणांनी नावे दिली. वारांचा तक्ता करून खालांच्या दारावर लावला आहे. शुक्रवारची जागा अजून रिकामी होती, तिथे चाचांच्या मुलाने स्वतःहून आपले नाव लिहिले.

तुमच्या गल्लीत अशी एखादी खाला असेल तर तिच्या फुलांचे कौतुक जरूर करा. मात्र जाताना तिच्या हातातली बादली आपल्या हातात घ्या.